परतनाना

आमच्या घरात नाना पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्याशी एक शब्दही न बोलता ते सरळ भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तिचा वास घेतला.

बोदवडहून जळगावला बिऱ्हाड हलवून आम्हाला पुरते दोन दिवसही झाले नव्हते. ह्यांची तार ऑफिसात बदली झाली होती. सामान अजून पोत्यांत होतं, माझी नलू सात महिन्यांची होती, आणि मी विस्कटलेल्या केसांनी फळीवर डबे लावत होते. दारात खाकरल्याचा आवाज आला. बघते तर काळी टोपी, आखूड धोतर, आणि सगळ्यांच्या पुढे नाक. नाकामागून बाकीचा माणूस आत आला. त्यांनी चपला काढल्या, चारही भिंती हुंगून झाल्या, मग पाळण्याशी येऊन नलूच्या अंगाखालच्या गादीत कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "परत."

"काय परत?" मी विचारलं.

"गादी परत. बाहेरून कोल्ली, आतून वल्ली. पोरीला उचला आधी."

मला असा राग आला की हातातला डबा मी फळीवर आपटलाच. कोण कुठला माणूस, ओळख ना पाळख, आणि माझ्या लेकीच्या गादीला नावं ठेवतो. ते गेल्यावर मी गादी उसवून पाहिली ती केवळ त्यांना खोटं पाडायला. वरून कोरडी, पण आतला कापूस गार, ओला लागला. भुसावळला गाडी बदलताना एक सर आली होती आणि हमालाने गाठोडं फलाटावर उघड्यावर ठेवलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. अजून चार दिवस गेले असते तर त्या कापसाला बुरा लागला असता. बुरशीला आमच्याकडे बुरा म्हणतात. मी गादी निमूटपणे उन्हात टाकली आणि वर पाहिलं, तर समोरच्या ओट्यावर नाना बसलेले. त्यांनी फक्त मान हलवली. पुढे सात वर्षं आम्ही त्या वाड्यासारख्या लांबट घरात भाड्याने राहिलो आणि सातही वर्षं त्या ओट्यावरून माझ्या अंथरुणांवर पहारा होता.

नानांचं नाव नामदेव. पण गल्लीत त्यांना परतनाना म्हणत. ते जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पाहायला होते. दिवाळी झाली की कापसाने भरलेल्या बैलगाड्या जिनाच्या फाटकापासून पार आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत उभ्या राहायच्या. हवेत कापसाची पिसं उडायची, वाळत घातलेल्या लुगड्यांना चिकटायची, वरणात पडायची. काही हुशार मंडळी वजन वाढावं म्हणून गाडीच्या पोटात पाणी शिंपडून आणत. नाना धोतर खोचून गाडीवर चढत, कापसात खांद्यापर्यंत हात खुपसत, मूठभर कापूस बाहेर काढून नाकाला लावत, आणि दोनांपैकी एक शब्द बोलत. "पास" किंवा "परत." त्यांच्या बोलण्यावर मालकसुद्धा अपील करत नसे. हात घालताना ते डोळे मिटायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "डोळे वरचं पाहतात, वैनी. वरचं सगळ्यांचंच चांगलं असतं."

जीन उन्हाळ्यापर्यंत चालायचं. पावसाळ्यात त्याला कुलूप लागलं की नानांच्या नाकाला काम नसायचं आणि मग ते नाक गल्लीवर सुटायचं. ज्या घरात लहान मूल, त्या घरात नाना. हाक मारायची पद्धत नाही, चहापाणी नाही, एकदम भिंत. ट्रंका भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसल्या की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "चार बोटं," ते म्हणायचे आणि स्वतःची चार बोटं भिंत आणि ट्रंकेच्या मध्ये घालून दाखवायचे. "भिंतीला श्वास पाहिजे. तिचा कोंडला तर पोराचा कोंडतो." आमच्या गल्लीतल्या बायका नाना येताना दिसले की ओली धोतरं, दमट गोधड्या, पोरांची भिजलेली दप्तरं पटापट पलंगाखाली ढकलायच्या. नाना आत यायचे, क्षणभर थांबायचे आणि बरोबर पलंगाखाली हात घालायचे. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यापासून ओल लपवली होती. त्यांना आमच्या पलंगाचं काय कौतुक.

पोरांचीही सुटका नव्हती. आंघोळ करून ओल्या डोक्याने बाहेर आलेलं पोर दिसलं की ते त्याच्या टाळूचा वास घेत आणि त्याला परत आत पाठवत. पोरं त्यांची नक्कल करायची. भातुकलीत एक पोर भाकरी थापायचं, दुसरं तिचा वास घेऊन "परत" म्हणायचं. माझी नलू बोलायला लागली तेव्हा आई, बाबा आणि पाणी यांच्यानंतर तिचा चौथा शब्द "पलत" हा होता. मला फार हसू आलं होतं. नानांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, पण त्या दिवशी जाताना तिच्या हातावर खडीसाखर ठेवून गेले.

मी एकदा त्यांना चिडवायला कैरीच्या लोणच्याची बरणी पुढे केली. वर पांढरट थर आला होता. म्हटलं, "नाना, हे पण परत करा."

"लोणच्याचं जाऊ द्या. लोणचं फेकता येतं," ते म्हणाले. "पोराच्या छातीतला बुरा कुठे फेकणार?"

एवढं पोरांचं वेड असलेल्या माणसाला स्वतःचं कोणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं. दोंडाईच्याकडचे होते, एवढंच माहीत. सणावाराला त्यांच्याकडे कोणी येत नसे आणि तेही कुठे जात नसत. श्रावणात आमच्या भागात घरोघरी कानबाई देवी बसायची, तेव्हा अख्खी गल्ली आपापल्या भाऊबंदांकडे रोटांच्या जेवणाला जायची. त्या दिवशी ओट्यावर एकटे नाना बसून असायचे. विचारलं तर म्हणायचे, "कोणीतरी घरं सांभाळायला पाहिजेत ना." आम्हाला ते सोयीचं होतं, म्हणून आम्हीही जास्त विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

आता ज्या पावसाळ्यामुळे मी हे लिहायला बसले, त्याचं सांगते.

आमचे घरमालक मारवाडी, कापडाचे व्यापारी. पुढच्या बाजूला दुकान, मधल्या चौकात ते, मागे, गल्लीच्या बाजूला, आम्ही भाडेकरू. सेठजींना मराठी आमच्यापेक्षा चांगली यायची. पण त्या आषाढात ते कसल्याशा लग्नासाठी देसला, म्हणजे त्यांच्या मूळ गावी राजस्थानात, गेले होते आणि महिनाभर येणार नव्हते. घरात त्यांची बायको होती, आठ वर्षांनी झालेलं पहिलं मूल होतं, आणि बाळंतपणासाठी देसहून आलेल्या सेठजींच्या आई होत्या. त्यांना सगळे माजी म्हणत. माजींना मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी सुनेला आणि बाळाला मागच्या खोलीत ठेवलं होतं. दार बंद, खिडकी बंद, फटीत चिंध्या. वारा बाधू नये म्हणून.

नाना आमच्याकडे येऊन हात धुवायला चौकातून मोरीकडे चालले होते. मध्येच थांबले. नाक वर झालं. मग त्यांनी मला हाक मारली.

"वैनी, त्या मागच्या खोलीत बुरा आहे. जुना आहे. माजींना सांगा."

नानांची हिंदी त्यांची त्यांनाच कळायची. माझी हिंदी म्हणजे बोदवडच्या स्टेशनावर शिकलेली. मराठीच्याच डोक्यावर हिंदीची टोपी. मी मोठ्या रुबाबात माजींकडे गेले आणि म्हणाले, "माजी, नाना कहते हैं, आपके घर में बुरा लगा है."

माजींचा चेहरा उतरला. "नानाजी ने बुरो लाग्यो? किण बात रो?"

मला वाटलं त्या विचारतायत, कशाला लागला. म्हटलं, "अंदर से लगा है. बहुत दिन का है."

माजी विचारात पडल्या. मग त्यांना आठवलं असावं, की नातू झाल्याचे लाडू साऱ्या गल्लीत गेले, पण ओट्यावरच्या एकट्या माणसाकडे द्यायचे राहून गेले. संध्याकाळी नानांकडे पितळी ताट आलं. अकरा लाडू, वर रुमाल. नानांनी लाडवाचा वास घेतला, खाल्ला, बरा आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते माजींसमोर उभे राहून स्वतःच बोलले, "माजी, बुरा अभी भी लगा है."

एकवीस लाडू आले आणि एक नारळ.

तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "बुरा बढ रहा है." माजींनी नवं उपरणं पाठवलं. नाना ते हातात धरून माझ्या दारात आले. "वैनी, मी भिंतीचं सांगतो, अन् ही बाई मला कपडे करते. कापडाचं दुकान आहे म्हणून काय झालं?" मी पोट धरधरून हसले. मला वाटलं, मारवाड्यांकडे असाच काही मान देण्याचा रिवाज असेल. डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता, पण नाही पडला.

हसू थांबलं ते बाळाच्या खोकल्याने. सतरा-अठरा दिवसांचं मूल ते. खोकायचं म्हणजे मांजराचं पिल्लू शिंकल्यासारखा आवाज यायचा. पण तो आवाज दिवसभर, भिंतीपलीकडून. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. नाना मोरीजवळ उभे राहून ऐकायचे. "हा खोकला वल्ला आहे," ते म्हणायचे. त्यांचं ओट्यावर बसणं सुटलं. एका दुपारी ते थेट माजींच्या दाराशी गेले आणि जमेल तशा हिंदीत सगळं सांगून टाकलं. "माजी, बुरा बच्चे के पीछे लगा है. छोडेगा नहीं. सेठजी आएंगे तब आएंगे. हम आज ही सेठजी के घर को चूना लगाएगा."

भिंतीला चुना लावायचा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण हिंदी काय आणि मराठी काय, माणसाला चुना लावणे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माजींनी ऐकलं ते असं, की हा माणूस रुसला आहे, बाळाच्या मागे लागला आहे, आणि मुलगा गावाला गेला आहे तोवर घराला लुबाडणार आहे. त्यांनी नानांच्या तोंडावर दार लावलं. वरून लिंबू-मिरच्या बांधल्या. खोलीत शेगडी नेऊन लोबानाचा धूर केला, खिडकीच्या फटीत आणखी चिंध्या कोंबल्या. नाना बंद दारासमोर उभे होते. आतून खोकला येत होता. मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, मला नको जाऊ द्या आत. तुम्ही जा. पाळण्यामागची ट्रंक सरकवा." आणि मग त्यांच्या तोंडून त्यांची घरची बोली निघाली, "बठ्ठं वल्लं शे वं माय, बठ्ठं वल्लं शे." सगळं ओलं आहे.

मी नलूला कडेवर घेऊन, बाळ पाहायला आले म्हणत आत गेले. खोलीत पाऊल टाकलं आणि धुराखालून तो वास मलाही आला. बंद हंड्यात राहून गेलेल्या फडक्याचा वास. माजी पाळण्याशी बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सुनेला म्हणावं तसं मला म्हणाल्या, "बीनणी, थूं बता. म्हे नानाजी रो कांई बिगाड़्यो? इत्तो बुरो क्यूं लाग्यो?"

आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, माझ्या टाळक्यात उजेड पडला.

मी नलूला खाली ठेवलं. पाळण्यामागची ट्रंक ओढली. माजींचा हात धरला आणि त्यांना काही कळायच्या आत तो भिंतीवर फिरवला. तळहात काळा-हिरवा झाला. तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हटलं, "माजी, ये. ये बुरा. हमारी मराठी में इसको बुरा बोलते हैं. ये लगा है."

माजींनी हाताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओ बुरो? ओ तो फफूंद है." आणि मग एकदम, "और म्हे बत्तीस लाडू खिलाया?"

रडता रडता त्या हसायला लागल्या, मी हसायला लागले, आतली सूनही पदराआड हसत होती. बाळ खोकलं, तशा तिघीही गप्प झालो. मी पाळणाच उचलला आणि माझ्या पुढच्या खोलीत आणला. तिथे सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत यायचं. पुढचे तीन आठवडे माझ्या घरात दोन पाळणे होते.

नानांनी मागच्या खोलीचा ताबा घेतला. छपरावर चढून पाहिलं तर पन्हळीत पारव्याने घरटं केलं होतं आणि पावसाचं सगळं पाणी भिंतीच्या पोटात जात होतं. घरटं अलगद उचलून त्यांनी दुसऱ्या वळचणीला ठेवलं. भिंतीचा गिलावा खरवडला, तो दूर नेऊन पुरला. मला आणि पोरांना त्या वेळी चौकातही येऊ दिलं नाही. नाकाला उपरणं बांधलं होतं. तेच, माजींनी पाठवलेलं. दार-खिडकी सताड उघडी ठेवून आठ दिवस भिंत वाळवली, मग चुना. एक हात, दोन हात, तीन हात. बाळाच्या गादीचा कापूस पिंजाऱ्याकडून नवा पिंजून घेतला. शेवटी ट्रंक भिंतीपासून चार बोटं ठेवली आणि माजींना बोलावलं. माजींनी स्वतःची चार बोटं मध्ये घालून पाहिली. बाळाचा खोकला हळूहळू ओसरला. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की आज ऐकूच आला नाही.

त्या दिवशी दुपारी माजी ओट्यावर आल्या. मी शेंगा सोलत होते. नाना नेहमीच्या जागी. माजी त्यांच्यासमोर बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "सच बोलो नानाजी. दार बंद कर्‌यो, आपने बुरो तो कोनी लाग्यो?"

आता नानांनाही दोन्ही अर्थ कळत होते. मला वाटलं, काही तरी बोलून हसवतील. ते म्हणाले, "लागला आहे माजी. पण तुमच्या घरी नाही."

मग त्यांनी सांगितलं. मी मध्ये मध्ये हिंदी करत होते, आता जपून, शब्द निवडून.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिनात गाड्यांची रांग होती. अवकाळी पाऊस येऊन गेला होता. नानांनी सकाळपासून सात-आठ गाड्या परत केल्या होत्या. मग जी गाडी आली ती त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाची, उखाभाऊंची. दोंडाईच्याकडच्या गावाहून नात्याच्या भरवशावर एवढ्या लांब आणलेली. नानांनी हात घातला. ओली. भाऊ म्हणाले, "नामदेव, हाई पानी देवनं शे, मन्हं नही." ते खरं होतं. नानांना ते माहीत होतं. कापसाला वास पावसाचा होता, विहिरीचा नव्हता. पण मागे रांगेत सगळे बघत होते. नाना म्हणाले, "परत."

भाऊंनी बैल वळवले आणि एवढा रस्ता पुन्हा कापत घरी गेले. कापूस ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून झोपायच्या खोलीत भरला. लहान पोरं त्या ढिगावर उड्या मारायची, त्यावरच झोपायची. महिन्याभरात ढीग आतून काळा पडला. धाकटा पोरगा, आधार, चार वर्षांचा होता. त्याचा खोकला त्या साली लागला तो लागलाच. छातीत शिट्टी वाजायची. नाना भेटायला गेले तेव्हा वहिनी दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पास-परत करणारे. आमचं काय ते आम्ही पाहू." नानांनी उंबरा ओलांडला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

"तो आता अठराचा असेल," नाना म्हणाले. "आहे की नाही, तेही..."

या शेवटच्या वाक्याला माजींना माझ्या हिंदीची गरजच पडली नाही. त्या म्हणाल्या, "भींत सूं चार आंगळ, और भाई सूं चौदह बरस?"

नाना उठून आत गेले.

माजींनी मला पोस्टकार्ड आणायला लावलं. पत्ता मी ह्यांच्याकडून गोड बोलून काढला. नाना दर नागपंचमीला ऑफिसात येऊन भावाचं नाव घालून कार्ड लिहितात आणि न टाकता घेऊन जातात, असं तेव्हा कळलं. माजींनी मजकूर सांगितला. मी 'वाईट वाटतंय' असं लिहिणार होते, तर त्या म्हणाल्या, मी जसं बोलते तसंच लिही. आणि खरं सांगू, मलाही तो शब्द बदलावासा वाटला नाही. मी लिहिलं: 'नानांना बुरा लागला आहे. फार जुना आहे. येऊन घेऊन जा. आपले शेजारी.'

आठवड्याने, श्रावण लागून नागपंचमी झाली होती, दुपारी गल्लीत एक उंच, सडपातळ पोरगा धावत आला. खांद्याला पिशवी, नाक हुबेहूब ओळखीचं. त्याला धाप लागली होती. "नाना कोठे शे? नानाले काय हुयनं?"

नाना समोरच्या घरात कोणाची तरी गादी हुंगत होते. ते बाहेर आले. पोरगा त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "पत्रमा लिखेल व्हतं," तो म्हणाला, "नानाले बुरा लागना. आबा म्हणे, आंगले बुरा लागना म्हणजे माणूस जगस का? आई रडी राहिनी. माले धाडं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांच्या टोपलीकडे पाहिलं.

मग नाना त्या पोराजवळ गेले. त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून मागे, पाठीवर हात घातला, कापसाच्या गाडीत घालावा तसा. डोळे मिटले. पोरगा हलला नाही. त्याचा श्वास आम्हालाही ऐकू येत होता. धावून आल्याची धाप ओसरली, तरी त्या श्वासाच्या टोकाला एक बारीक शिट्टी राहिलीच. नानांचा हात कितीतरी वेळ तिथे होता.

"उद्या रोट शेतस," आधार म्हणाला. "आबानी सांगं, नानाले लई या."

"मी कसा येऊ रे," नाना म्हणाले. "रोट भाऊबंदांचे. मन्हं नाव कोठे शे तठे?"

इथे जरा सांगायला हवं. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तान्ह्या पोराचीही काढतात, गावाला गेलेल्याचीही काढतात. ज्याच्या नावाची मूठ नाही, तो त्या घरचा नाही.

आधारला प्रश्नच कळला नाही. "तुम्हनी मूठ दर साल निंघस," तो म्हणाला. "आई काढस. पह्यले आबानी, मंग तुम्हनी."

नाना भिंतीला टेकले. चार बोटं बिटं काही न ठेवता, सबंध पाठ टेकून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "गहू कोल्ला व्हता ना?"

"कोल्ला व्हता, नाना."

ते घरात जाऊन टोपी बदलून आले. माजींनी बाळाला आणून त्यांच्या पायांवर घातलं आणि उरलेले लाडू पिशवीत भरले. नानांनी कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. मग आधारच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. तो नको नको म्हणत होता. दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी ओट्यावरून विचारलं, "काय नाना, गाडी पास की परत?"

नाना थांबले. पोराच्या पाठीवरचा हात न काढता त्यांनी वळून पाहिलं.

"आहे थोडी ओल, वैनी," ते म्हणाले. "पण गाडी आपली आहे."